हिरवीच्या जागी ब्राऊन

१५ सप्टेंबर, सोमवार
आज परत त्याच्याच बोर्डवरचा हार्नेस, गाडीच्या वायरींचा जुडगा! ब्राऊन वायरच्या जागी हिरवी, हिरवीच्या जागी ब्राऊन. टेस्टिंगला दिवा लागला नाही, की हार्नेस येतो माझ्या रिवर्कच्या टेबलावर. चुका सगळ्यांच्याच होतात. पण तीन नंबरवरच्या जयदीपची चूक ठरलेली – याच दोन वायरी. आणि दुरुस्त झालेला माल न्यायला हा स्वतः येतो! बाकीचे ट्रॉलीवाल्याला सांगून मोकळे होतात.
शेजारच्या टेबलावरची पूर्वी म्हणते, "मुद्दाम करतो गं तो. तुझ्यासाठी."
काहीतरीच. पण बसमध्ये तेच आठवत होते.

१७ सप्टेंबर, बुधवार
चुकीच्या वायरीची पिन कनेक्टरमधून काढत होते, हा शेजारी उभा. "ओढू नका मॅडम, तुटंल."
मला शिकवतो! म्हटलं, ओढत नाहीच. आधी वायर जराशी आत ढकलायची, म्हणजे पिन सैल होते. मग पुढून टूल घालून तिची जीभ दाबायची. मागून आपोआप सुटते.
"असं व्हय!" म्हणाला आणि हसला. पुढची पिन मी उगाच हळू काढली.

१८ सप्टेंबर, गुरुवार
सुट्टी. आईने पिंपळे गुरवचं स्थळ काढलं. मुलगा बँकेत. "अबोली, तेहेतीस पूर्ण झाली. अजून कुणाची वाट बघतेस?"
सांगू का? चाकणच्या शेतकऱ्याच्या मुलाची, जो मला अजून मॅडम म्हणतो. घर डोक्यावर घेईल ती. सुट्टी कधी संपते असं झालंय.

२२ सप्टेंबर, सोमवार
सुपरवायझर चित्रा मॅडम लाइनवर सगळ्यांसमोर जयदीपवर ओरडल्या. "हेच चालू राहिलं तर ब्रेक देऊन घरी बसवीन, जयदीप!" तो मान खाली घालून उभा.
माझ्यासाठी इतकं कशाला करायचं? थांब म्हणायला हवं होतं. नाही म्हणवलं. थांबला तर येईल कसा?

२६ सप्टेंबर, शुक्रवार
नवरात्राचा आजचा रंग हिरवा. सगळ्याजणी हिरव्यागार, मी आईची पोपटी ओढणीसुद्धा घेतलेली. जयदीप आला, बघतच राहिला. मी ओढणी सारखी केली.
"आज सगळ्यांनी चॉकलेटी घातलाय व्हय? तुमाला शोभतो."
मी हसले. मग हसू जागच्या जागी विरलं. चेष्टा नव्हती ती. त्याला खरंच चॉकलेटी दिसत होता.
म्हणजे माझ्यासाठी काही नव्हतंच! त्याला हिरवं आणि ब्राऊन वेगळं दिसत नाही, एवढंच. आणि मी मनातल्या मनात बोहल्यावर चढून मोकळी! घरी येऊन ओढणी फेकली. रडले.

२७ सप्टेंबर, शनिवार
जेवणाच्या सुट्टीत त्याला गाठून सरळ विचारलं. चेहरा उतरला त्याचा. "कुणाला सांगू न्हका. घरात मीच कमावता हाय. भरतीच्या वेळी कसाबसा निभावलो. काळं, पिवळं, निळं सगळं बराबर दिसतं. ह्या दोन रंगांचंच कळत न्हाई."
चित्रा मॅडमना कळलं तर पहिला तोच जाईल. काय करू? सुचलं – ब्राऊन वायर हिरवीपेक्षा जाड असते. दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले. म्हटलं, डोळे मिटा आणि चाचपून सांगा.
बरोबर. पुन्हा बरोबर. डोळे मिटूनच हसत होता. हात धरावासा वाटला. नाही धरला.

३० सप्टेंबर, मंगळवार
तीन नंबरवरून एकही नाही. चित्रा मॅडम खूश. त्याची नोकरी वाचली.
आणि मी? दर वेळी ट्रॉली आली की त्याच्या बोर्डचा टॅग शोधते. शहाणपणा करून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला! तो समोर यावा, एवढंच हवंय. बोलला नाही तरी चालेल.

१ ऑक्टोबर, बुधवार
नाहीच. आईला म्हटलं, बोलाव पिंपळे गुरवच्या लोकांना. ती बघतच राहिली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
तीन नंबरचा एक हार्नेस आला. ब्राऊन बरोबर. हिरवी बरोबर.
काळी आणि पिवळी उलट! वेडा कुठला!