पुस्तकं घाट उतरली

आई, काल आपल्या वाचनालयाची पुस्तकं परतवाड्याला गेली. सगळी. टेम्पोवाल्याने ताडपत्री बांधली, घाटात जपून ने म्हणून मी त्याला दोनदा बजावलं, आणि गाडी वळणाआड गेल्यावर रिकाम्या खोलीत येऊन बसले. हे ज्याला सांगावं असं तुझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून लिहितेय.

वाचनालय कसं उभं राहिलं ते तूच सांगायचीस. थंड हवेसाठी अकोल्याहून येऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्या वकिलांनी परत जाताना आपलं पुस्तकांचं कपाट शाळेच्या व्हरांड्यात ठेवलं, एवढीच सुरुवात. पुढे या दोन खोल्या मिळाल्या आणि शाळेतली नोकरी सांभाळून तू बिनपगारी ग्रंथपाल झालीस. आपल्या डोंगरावर चार महिने ढगच घरात येऊन बसतात. मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी चढते, तिथे कागदाची काय कथा. त्यावरचा तुझा उपाय खालच्या लोकांना चेष्टेचा वाटायचा. मृग लागायच्या आधी तू वाचनालयाला कुलूप घालायचीस आणि ज्यांच्या चुली दिवसभर पेटत्या असत, त्यांच्या घरी पुस्तकांचे गठ्ठे पोचवायचीस. चुलीच्या वर फळी टांगायची आणि त्यावर जुन्या लुगड्यात बांधलेला गठ्ठा. दिवाळीनंतर पुस्तकं परत यायची ती पिवळी पडून, धुराचा वास घेऊन, पण कोरडी खडखडीत.

एका वर्षी हेडमास्तर घरी आले. मी चुलीपाशी बसलेय, तू भाकरी थापतेयस. सगळ्यात चांगली, जाडजूड पुस्तकं तू खवा करणाऱ्या गवळण आजीकडे दिलीस, हे त्यांना सहन होत नाहीये. "तिले अक्षर वाचता येत नाही, बाई. तिले पुस्तकं कायले?" तू तव्यावरून नजरही हलवत नाहीस. "तुमच्या घरी स्टो हाय, मास्तर. तिच्या घरी भट्टी हाय." आजीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती पोट धरून हसली. "मले वाचताच येत नाही, त मी खराब कशी करीन?" म्हणाली.

पुस्तकं खाली द्या, आमच्याकडे पक्की इमारत आहे, असं परतवाड्याच्या वाचनालयाच्या मंडळींनी तेव्हाच म्हटलं होतं. तू त्यांना चहाही पुरता पिऊ दिला नाहीस. "मी हाय तोवर एक पुस्तक घाट उतरनार नाही. तुमाले खाली सगळंच हाय. आमाले एवढंच हाय." मला तुझा फार अभिमान वाटला होता. तू गेल्यावर तुझी जागा मी घेतली आणि प्रत्येक मीटिंगमध्ये तुझं तेच वाक्य म्हणत आले.

पण चुली गेल्या, आई. घरोघरी गॅस आला, बायकांचे डोळे वाचले, त्याला मी वाईट कोणत्या तोंडाने म्हणू? गेल्या पावसाळ्यात गठ्ठा घेऊन गवळण आजीच्या नातवाकडे गेले. तो आता लॉज चालवतो. त्याने बसवलं, पाणी दिलं. "मावशी, आता धूर कुठून आनू? खाली देऊन टाका. जगतीन तरी." मी त्याला नको ते बोलले. तुझ्या आजीची तरी लाज राख म्हणाले. त्या बिचाऱ्याने गठ्ठा माझ्या घरापर्यंत आणून दिला. आधीचे पावसाळे त्याने धुराविनाच काढले होते; सोडून पाहिला, तर मधल्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटून पार वीट झाली होती. सोडवायला गेले तर हातात लगदा आला. ओट्याशी उभी राहून मी ढसाढसा रडले. तुझं वाक्य सांभाळायचं की पुस्तकं, एवढाच प्रश्न उरला होता.

मग मीच परतवाड्याला फोन केला. काल गठ्ठे चढवताना टेम्पोवाला मधेच थांबला, नाक वर करून म्हणाला, "बाई, काही जळून राहिलं काय?" मी नाही म्हटलं.

तुझ्या फोटोपुढे बसून मी आजवर सगळं तुला विचारत आले. पोरीला अमरावतीला ठेवू का, गुडघ्याचं ऑपरेशन करू का, सगळं. हे मात्र विचारलं नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर ते महिनाभर आधीही लिहिता आलं असतं. टेम्पो जाईपर्यंत मी मुद्दाम थांबले. तू नाही म्हणाली असतीस, आणि मी तुझं ऐकलं असतं.