रोज्याच्या दिवसांतला भूगोल

मस्कत

ती. आप्पा,

इथूनच तुमच्या पाया पडते. मी बरी आहे. तुमचा खोकला कमी झाला का?

"शाळेच्या मेळाव्याला कशाला जाऊ, माझा भूगोल कुणाला आठवतोय," असं तुम्ही फोनवर म्हणालात. काल बुरोंडीचा यासीन भेटला, तुमचा विद्यार्थी. म्हणाला, "भूगोलाचं विचारू नका, ताई. मी नकाशात बुरोंडी समुद्रात दाखवलेली. पण आमचे रोजे असले की सर वर्गात पाणी प्यायचे नाय. चहासुद्धा परत धाडायचे."

घरी तुम्ही हे कधी बोलला नाहीत.

मीही इथे शिकवते. धडे वेळेत संपवते, एवढंच माझ्याबद्दल मुलांना आठवेल का, असं रात्रभर वाटत राहिलं.

मेळाव्याला यासीन गावी असेल. तुम्हाला न्यायला येतो म्हणाला. मी होकार देऊन टाकलाय.

तुमची,
विनया