मन्मथ जेवला का

ता. ५, शुक्रवार
शर्यतीच्या नकाशावर मन्मथचा ठिपका आज एकोणिसावा. काल सतरावा होता. शिडाची होडी, एकटा माणूस, कुठं न थांबता महासागर पार करायचा. निम्मे पगारी खलाशी, निम्मे ह्याच्यासारखे हौशी. उदगीरचं कापड दुकान बापाच्या गळ्यात टाकून साहेब हौस करून राहिले. गिऱ्हाइकानं विचारलं, अप्पा, पोरगं कुठं हाय? म्हणलं, पाण्यात. खरंच तर हाय.
फोनवरचा नकाशा दर चार तासानं बदलतो. हिनं विचारलं, "पुढं सरकला का माझा लेक?" म्हणलं, मागं पडला. तोंड एवढंसं झालं तिचं. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

ता. ७, रविवार
शर्यतवाल्यांमार्फत दिवसाला एक निरोप पाठवता येतो. आज आला: "मोठी लाट आली. दोरा तुटला. गळ्यातलं लिंग समुद्रात गेलं. अप्पा, काय करू?"
तीनदा वाचलं. आम्हा लिंगायतांच्या रीतीनं, तान्हा होता तवा मठातल्या स्वामींनी बांधलेलं लिंग. चांदीची डबी मी लातूरहून घडवून आणलेली. एकतीस वर्षं रोज त्याची पूजा, मगच तोंडात घास. अन् ह्यानं घालवलं. कशापायी, तर शर्यतीपायी.
पण "काय करू" विचारलं. दहावीनंतर पहिल्यांदा.
लिहिलं: "पूजा न्हाई तर घास न्हाई. नियम तुला ठाऊक हाय. लिंग घालवणाऱ्यानं जेवायचं कशाला?"
शेवटचं खोडावं वाटलं. न्हाई खोडलं.

ता. ८, सोमवार
उत्तर. दोनच शब्द. "बरं, अप्पा."
दुकानात बस म्हणलं, न्हाई. पोरगी बघून ये म्हणलं, न्हाई. आता बरं!
आज पूजेला लई वेळ बसलो. जेवणही चवीनं झालं.

ता. ११, गुरुवार
ठिपका सव्विसावा. किनारा अजून दहा-बारा दिवस. त्याचा निरोप न्हाई. नाटकं सगळी. डबे फोडून गपचूप खात असंल. बरं म्हणायला काय जातंय.
पण ते पोरगं खोटं बोलत न्हाई. तीच तर त्याची खोड.

ता. १२, शुक्रवार
मठात गेलो. शरणार्थ म्हणून पाया पडलो अन् स्वामींना सहज विचारल्यासारखं विचारलं, एखाद्याचं लिंग हरवलं तर? स्वामी हसले. "हरवलं तर दुसरं देऊ की. तवर तळहाताला भस्म लावायचं, त्याचीच पूजा करायची अन् जेवायचं. कुणाचं हरवलं?"
एका गिऱ्हाइकाचं, म्हणलं.
"त्याला उपाशी ठेवू नका बरं."
घरी येऊन फोन हातात घेतला. पुन्हा ठेवला. लगेच माघार घ्यायची म्हणजे... बाप कोण, मी का तो? दोन दिवस कळू दे जरा.

ता. १४, रविवार
हिनं वाचलं. फोन चार्जिंगला लावला होता, तिथंच उभी राहून वाचलं सगळं.
"हे तुमी लिवलं?"
हाव, म्हणलं.
"सात दिस झाले. लेकरू सात दिस उपाशी हाय अन् तुमी दुकानात साड्या दाखवून राहिले?"
ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली न्हाई. समोर बसवून लिहून घेतलं: "स्वामी दुसरं लिंग देतो म्हणले. तळहाताची पूजा कर अन् जेव. जेव बाळा." बाळा तिनं घालायला लावलं. मी घातलं.

ता. १५, सोमवार
उत्तर न्हाई. शर्यतवाले म्हणतात निरोप होडीपर्यंत पोचला, उघडलेला न्हाई.

ता. १७, बुधवार
ठिपका चालून राहिलाय. हळू, पण सरळ. जिवात जीव आला. दुकान सोडून घरी सांगायला गेलो, बघ, चालतोय तुझा लेक.
संध्याकाळी शर्यतवाल्यांचा फोन. सुकाणू यंत्र धरतं म्हणे. आत माणूस झोपला काय, पडला काय, ठिपका चालतच राहतो. जवळची होडी तिकडं वळवलीय. जवळची म्हणजे दोन दिवस लांब.
हे हिला सांगायला नको होतं. सांगितलं.

ता. १८, गुरुवार
रविवारपासून हिच्या पोटात अन्न न्हाई. अर्धापूरच्या पाहुण्यानं केळीचा घड आणला, तसाच कोपऱ्यात. म्हणती, तो जेवला कळंल तवा जेवीन.
माझं ताट मात्र वेळेवर. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण, वर साजूक तूप. पूजेहून उठलो की पाट मांडून समोर बसती अन् बघत राहती. आज म्हणलं, दोघं थोडं थोडं खाऊ.
"तुमची पूजा झाली की. जेवा तुमी."
चार घास गेले. उठाया लागलो तर मनगट धरून बसवलं. एवढा जोर तिच्यात कुठून आला.
ती होडी उद्या पोचंल. न्हाईतर परवा.
तिनं ताटात अजून एक भाकरी वाढली.