डबा बंद करण्याचा अधिकार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसायाने श्रवणतपासनीस (निवृत्त) आणि सॅक्सोफोनवादक (निवृत्त नाही, पण दम पुरत नाही), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणील असं फारसं कोणी उरलेलंही नाही. वकीलबाईंनी मसुदा करून दिला होता, पण तो वाचताना मी मलाच ओळखू येईना. म्हणून कायद्याचे शब्द त्यांचे ठेवले आहेत, बाकीची बडबड माझी.

१. माझे राहते घर, आतील सामान आणि बँकेतील शिल्लक माझ्या भाचीस, म्हणजे धाकट्या भावाच्या एकुलत्या एका मुलीस, मिळावी. स्वयंपाकघरातला नळ बंद करताना थोडा वर उचलावा लागतो, नाहीतर ठिबकतो. ही पोर बापाच्या कार्यक्रमाला एकदाच आली आणि म्हणाली, "आत्या, आपला फ्रीज बिघडला होता तेव्हा असंच वाजायचं." धाकटा त्यावर पोट धरून हसला, आणि पुढच्या कार्यक्रमात त्याने खरोखरच फ्रीजची घरघर घातली. तिला हे कोणी सांगितलेलं नाही. आता कळावे.

२. माझी करकरणारी खुर्ची त्या संगीतसमीक्षकांस मिळावी, ज्यांनी आमच्याबद्दल "तीन माणसे तीन वेगळ्या खोल्यांत बसून वाजवत आहेत" असे छापले. त्यांच्यावरचा राग मी जिवापाड जपला. तो खुर्चीसोबत परत करत आहे.

३. सॅक्सोफोन वाद्यदुरुस्तीवाल्यास मिळावा. त्याने तो काचेच्या कपाटात ठेवू नये. कोणाला तरी वाजवायला द्यावा, मग बेसूर वाजला तरी हरकत नाही.

४. आता डबा. तो पुढच्या खोलीत खिडकीखालच्या स्टुलावर आहे. धाकटा लिफ्टदुरुस्तीचे काम करी, आणि मोडीत निघालेल्या लिफ्टच्या बटणांतून त्याने तो स्वतः बनवला. वरचा बाण दाबला की समोरचा आवाज आत जातो, खालचा दाबला की तोच पुन्हापुन्हा बाहेर येत राहतो. मग बाजूच्या खटक्यांनी तो त्या आवाजाचं काय वाटेल ते करी. माझ्या सुरांचा कधी पाऊस करी, कधी पिठाची गिरणी. एकच खोट राहिली. वीज तुटली की डबा सगळं विसरतो.

आम्ही तिघे वाजवायचो: मी, धाकटा आणि ड्रमवाला. त्याला आम्ही ठोक्या म्हणत असू. आधी काही ठरवायचं नाही, कागद समोर ठेवायचा नाही. नियम एकच, आणि तो धाकट्याचा: ज्याने सुरुवात केली त्याने शेवट करायचा नाही. तो म्हणायचा, "ताई, स्वतः सुरू केलेलं माणसाला वेळेवर थांबवता येत नाही." भांडणाच्या बाबतीत तो मला हे फार वर्षं सांगत होता.

शेवटच्या संध्याकाळी सुरुवात मी केली. गोदामामागचा तो लहान हॉल, घडीच्या खुर्च्या, नेहमीचीच माणसं. मी सूर काढला नाही, सॅक्सोफोनमधून नुसता श्वास घेतला आणि सोडला. धाकट्याने तो डब्यात घेतला आणि माझाच श्वास मला परत दिला. ठोक्याने ब्रश हातात घेतले. थोड्या वेळाने धाकट्याने डब्यावर कपाळ टेकलं. त्यात नवल नव्हतं. आवाज हाडातून ऐकायला हवा म्हणून तो नेहमीच तसं करी. आम्ही वाजवत राहिलो, आणि इतकं सुंदर आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. हे लिहायला नको वाटतं, पण ते खरं आहे.

आधी ठोक्याच्या लक्षात आलं. धाकट्याला एकच गोष्ट फार वेळ सहन व्हायची नाही, आणि डब्यातला श्वास तर बदलतच नव्हता. ठोक्या ब्रश टाकून उठला. लोकांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या तरी डबा चालूच होता.

डॉक्टर म्हणाले, जाताना त्याला काही कळलंही नसेल. मी डबा त्याच्या बॅटरीसकट मांडीवर घेऊन घरी आणला. तेव्हापासून तो बंद झालेला नाही. आवाज अगदी बारीक ठेवते. आत श्वास माझा आहे, पण तो घेताना बटणावर बोट धाकट्याचं होतं. त्या बोटाचं एवढंच माझ्यापाशी उरलं आहे.

५. ठोक्या नंतर घरी आला होता. म्हणाला, "ताई, बंद कर ते. संपू दे त्याचं." मी म्हटलं, तुझा सख्खा भाऊ गेला असता म्हणजे कळलं असतं. तो दारातच थांबला. "माझा कोण होता मग तो?" एवढंच बोलला. मी दार लावून घेतलं. तेव्हापासून रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या बाजूला जाते. तोही जातो, आणि मग आम्ही पुन्हा समोरासमोर येतो.

त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर उशिरा देत आहे: माझ्याइतकाच तुझा.

६. म्हणून डबा आणि तो बंद करण्याचा संपूर्ण अधिकार मी ठोक्यास देत आहे. सुरुवात माझी होती, मला शेवट करता येत नाही. धाकट्याला करता आला असता, तो गेला. नियमाप्रमाणे एकटा ठोक्याच राहतो.

माझ्या मृत्यूनंतर भाचीने विजेचे बिल सर्वांत आधी भरावे आणि झाडझुडीच्या यंत्रासाठीसुद्धा डब्याची वायर काढू नये. मग त्याच हॉलमध्ये एक संध्याकाळ ठरवावी. भाषणे नकोत, माझा फोटो नको. भाचीने पहिल्या रांगेत बसावे. ठोक्याने डब्याचा आवाज मोठा करावा आणि माझ्या श्वासासोबत त्याला हवे तेवढे वाजवावे. मी तेव्हा श्वास घेत नसेन, डबा घेत असेल. मन भरले की त्याने स्वतःच्या हाताने बटण बंद करावे. घाई करू नये. त्याआधी कोणी टाळ्या वाजवू नयेत.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. साक्षीला मला ठोक्याच हवा होता. पण ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असे त्या म्हणाल्या. त्या संध्याकाळचा मात्र तोच साक्षीदार आहे, आणि माझ्यामागे एकटाच उरेल.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि पुढील दोघांच्या देखत मी सही केली आहे.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाई. (सही करताना त्यांनी विचारले, आत कोणी झोपलंय का. मी हो म्हटले.)

साक्षीदार २: आमचे डॉक्टर

दिनांक: १४ ऑक्टोबर, सोमवार, संध्याकाळ

स्थळ: जिथे डबा चालू आहे, ती खोली