डोक्यावरची पोथी

न्हावरे,
ता. १८ जुलै

तीर्थस्वरूप हनुमंतमामांस पूनमचा नमस्कार.

इकडं सगळी बरी आहेत. कांदा अजून चाळीतच आहे. नणंदेला, मोनालीला, शिरूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, एसटीचा पास काढला. मामींचे गुडघे कसे आहेत? तेल लावत जा म्हणावं.

परवा तुमचा फोन आला. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र; मामींकडून वाचून घ्या.

श्रावणात तळेगावला पोथी वाचायला ये म्हणालात. डोळ्यांना दिसत नाही, तू वाच, मी अर्थ सांगतो. इथवर ठीक होतं. मग हळूच म्हणालात, "समाप्तीच्या दिवशी न्हाई आलीस तरी चालंल."

मामा, जीभ कशी रेटली तुमची?

हे गेले, तेव्हा मी चार महिने उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. गेल्या श्रावणात तुम्हीच मला तळेगावला नेऊन पोथीपुढं बसवलंत. म्हणालात, पोथीतला दैत्य म्हंजी आपलं भ्याव, आन् देवी म्हंजी आपल्या छातीतलं बळ, ती काय मखरात बसून ऱ्हात न्हाई. मी महिनाभर वाचलं. रोज वाचताना वाटायचं, हे माझंच चाललंय. खरं सांगते, त्या पोथीनं मला उठवलं.

समाप्तीला वाचणाऱ्यानं पोथी डोक्यावर घेऊन देवळापर्यंत जायचं, ही तुमच्याच आळीची रीत. तुम्हीच लाल फडक्यात बांधून माझ्या डोक्यावर ठेवलीत. देवळाच्या पायरीवर सरपंचीणबाई एवढंच म्हणाल्या, "विधवेच्या डोक्यावर?" त्यांचा मला राग नाही. पण तुम्हीच पुढं येऊन आपल्या हातानं पोथी उचललीत आणि आळीतल्या सवाष्ण अनुपमाच्या डोक्यावर दिलीत. ती बिचारी एक दिवसही ऐकायला आली नव्हती, तिलाच लाज वाटली. आणि संध्याकाळी मला म्हणालात, "लोकाचार हाय पोरी. आपल्याला अर्थ ठाऊक हाय ना, मग झालं."

दुसऱ्या कुणी ढकललं असतं तर मी भांडले असते. तुमच्याशी कशी भांडू? वर्षभर पोथीला हात लावला नाही. वाटलं, सगळ्या बोलायच्या गोष्टी.

गेल्या महिन्यात सासूबाईच म्हणाल्या, वाच गं, घर मुकं झालंय. वाचायला बसले. शेजारच्या धुरपदाकाकू आल्या, आणखी दोघी आल्या. अर्थ सांगायला कुणी नव्हतं, मग मीच सांगितला, तुमच्याच शब्दांत. काकूंनी विचारलं, कुणी शिकवलं? तुमचं नाव तोंडातून निघालं नाही. याचं वाईट वाटतं, पण नाही निघालं.

श्रावणात इथंच पोथी लावतेय. समाप्तीला ती माझ्या डोक्यावर असेल. पुढं सासूबाई ताट घेऊन चालणार, त्याही विधवाच. गाव काय म्हणेल ते म्हणेल. भीती वाटते, नाही कशाला म्हणू?

तुम्ही वाचायला दुसरं कुणी बघा. तुम्ही सांगितलेला अर्थ खरा निघाला, मामा. तुम्ही तेवढे निघाला नाहीत.

नात्यानं तुमची भाची,
पूनम