तीनशे बारा पानांचा संसार

३ जानेवारी
नवी वही, नवा संकल्प: यंदा बायकोकडे जायचंच. लग्नाला तीन वर्षं झाली. एकत्र राहिलो ते दिवस एकोणसत्तर. (विमानतळावरचे दोन धरले तर एकाहत्तर. धरावेत का? बहुधा नाही.) ती परदेशात, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये, मी इथे कॉलेजच्या लायब्ररीत. आमचं लग्न खरं आहे याचा तिकडच्या सरकारला पुरावा हवा. नवऱ्याला बोलवायची तिची मुदत ३१ मेपर्यंत. वेळच वेळ. एकवीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करतोय, स्वतःचं एक लग्न नोंदवायला असा किती वेळ लागणार? महिनाअखेर अर्ज जाईल.

३१ जानेवारी
गेला नाही. ‘प्रथम भेट कधी?’ या रकान्यात अडकलो. मित्राच्या लग्नात तिला पाहिलं, बोललो आठ दिवसांनी, तेही फोनवर. नुसतं पाहणं म्हणजे भेट का? बायको म्हणाली, “अरे, कुठली तरी एक तारीख टाक आणि मोकळा हो.” स्वभाव घाईचा. खोट्या तारखेवर मिळालेल्या घरात मला झोप लागेल का?

१६ फेब्रुवारी
आमचे सगळे मेसेज छापले. अकराशे चार पानं. व्हिसाचा एजंट (गळ्यात टाय, पायात चप्पल) म्हणाला, “साहेब, वीस पानं द्या. तिथला माणूस काय कादंबरी वाचायला बसलाय?” पण वीसच दिली तर ते अर्धसत्य. अकराशे दिली तर त्या माणसाचा छळ. मार्ग सुचला. लायब्ररीत एकाच पुस्तकाच्या जादा प्रती बाद करतो, तसंच.

९ मार्च
काम जोरात. “जेवलास का?” सहाशे अठरा वेळा! एक ठेवलं, बाकी बाद. “पोचलास?”, “दार नीट लावलंस ना?”: प्रत्येकी एक प्रत. “काही नाही, सहज.” एकशे चाळीस वेळा. माहिती शून्य, म्हणून एकही ठेवलं नाही. बाद पानांच्या कोऱ्या बाजू वाया घालवायच्या नाहीत. कापून लायब्ररीच्या काउंटरवर चिठ्ठ्यांसाठी ठेवल्या.

२८ मार्च
तीनशे बारा पानं. अनुक्रमणिका, विषयसूची. गेल्या वर्षीचा अकरा दिवसांचा अबोला लपवणं बरं नाही, त्याचं वेगळं परिशिष्ट. बायको म्हणाली, “त्यांनी विचारलं होतं का?” नाही. पण विचारलं असतं तर? तिला विनंती केली, की अर्ज जाईपर्यंत फक्त कामाचं लिही, रोज छाननी वाढते. “बरं,” म्हणाली. समजूतदार आहे.

२० एप्रिल
पोलिसांच्या दाखल्याची मुदत संपली. शिक्का पुसट म्हणून मीच तो एकदा परत केला होता, त्यात महिना गेला. आता नवा.
सासूबाईंचा फोन. “जावईबापू, पोरगी तिकडे एकटीच आजारी पडली, एकटीच बरी झाली. तुमची फाइल कुठवर आलीय?” आजारी? मला पत्ताच नाही. बायकोला विचारलं तर म्हणाली, “कामाचं नव्हतं ते.”
दिवसभर मन लागलं नाही. उद्यापासून रोज फोन करायचा. दाखल्याचं उरकलं की लगेच.

३० मे
अर्ज गेला. मुदतीच्या चक्क एक दिवस आधी! बायकोला कळवलं. तिने अंगठा पाठवला.

१२ ऑगस्ट
नामंजूर. पुन्हा अर्ज दोन वर्षांनंतर. कारण चार ओळींत: पत्रव्यवहार अत्यंत व्यवस्थित लावलेला आहे, परंतु पती-पत्नीत रोज होतं तसं साधं बोलणं त्यात आढळत नाही, शेवटच्या दोन महिन्यांत तर केवळ कागदपत्रांचीच चर्चा आहे.
‘अत्यंत व्यवस्थित’ वाचून क्षणभर बरं वाटलं. वाटायला नको होतं.
एजंट म्हणाला, “कादंबरी दिलीत साहेब, पण नवरा-बायको काढून टाकलेत.”
दुपारी एका विद्यार्थिनीने चिठ्ठीवर पुस्तकाचा क्रमांक लिहून दिला. मागे छापलेलं: जेवलास का? पुस्तक शोधायला मला फार वेळ लागला.

१३ ऑगस्ट
सगळे मेसेज पुन्हा चाळले. “जेवलास का?” तिचे सहाशे सत्तावीस (नऊ छाननीनंतर आलेले). शेवटचा २८ मार्चचा. “जेवलीस का?” माझा एकही नाही.
सकाळी साडेनऊला पाठवला. तिचं लॅबमधलं काम संपल्यावर उत्तर आलं: “हे सहज विचारतोयस, की पुढच्या फाइलसाठी?”
अशा प्रश्नाला खरंच उत्तर द्यायला हवं. चार मसुदे केले. सहज किती आणि फाइलसाठी किती, हे नक्की ठरलं की ताबडतोब कळवणार आहे.