सत्तावीस तास

३ मार्च

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुम्ही अठरा तारखेलाच चिमीकडे पोचणार हे वाचलं आणि हातातली सुई तशीच राहिली. ग्रंथालयात शिवायच्या पुस्तकांचे ढीग पडलेत, मला वीस तारखेआधी रजा नाही. शिवाय तुम्ही राहता तिच्या शेजारच्या देशात, थेट विमान, पाच तासांत उतरलात की झालं. मी जगाच्या दुसऱ्या टोकाला, माझं पहिलं विमान नऊ तास, मग मधल्या विमानतळावर सात तास बाकड्यावर, मग पुन्हा अकरा तास. सत्तावीस झाले की हो!

उघडच सांगते, मला तुमचा हेवा वाटतो. पोटची पोर माझी, आणि बाळंतपणात तिच्या उशाशी बसणार तुम्ही. डॉक्टरांनी चोवीस तारीख दिलीय खरी, पण बाळं काय कॅलेंडर बघून येतात? तिकीट तीन दिवस पुढे ढकला ना. दोघी एकदमच पोचू.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, रागावून कमी करू नये.

आपली विहीण

९ मार्च

प्रिय विहीणबाईंना स. न. वि. वि.

रागावले नाही, हसले. तिकीट मात्र बदलणार नाही. औषधांचं दुकान नणंदेच्या गळ्यात मारून निघतेय, तिला पुन्हा कोण पटवणार?

आणि खरं सांगू? जळते तर मी. सूनबाई तुम्हाला रोज फोन करते, मला रविवारी, तोही तब्येत विचारून दोन मिनिटांत संपतो. सहा वर्षांत माझ्यापाशी कधी रडली नाही की भांडली नाही. मी कितीही आधी गेले तरी तिचे डोळे दाराकडेच असणार, तुमच्या वाटेला. लवकर पोचून मला मिळणार काय, धुणं नि भांडी!

सांभाळून या. लोभाची ओढाताण अशीच चालू द्यावी.

आपली विहीण

२ मे

प्रिय विहीणबाईंना स. न. वि. वि.

महिनाभर एका घरात राहिलो, पण हे तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. एकवीस तारखेला तुम्ही वाटेत होतात आणि कळा सुरू झाल्या. सूनबाईचे डोळे घट्ट मिटलेले. माझा हात धरून म्हणाली की आई, जाऊ नकोस गं, इथेच थांब. एरवी मला अहो-जाहो करते, म्हणजे तिला तुम्हीच वाटलात. मी गप्प बसावं ना? मी म्हटलं की नाही जात, आई आहे ना तुझी. नात जन्मेपर्यंत तिने हात सोडला नाही.

तुमच्या जागेवर बसले, चोरीच म्हणा. पण परत करायला मन होत नाही. तिला सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

लोभ उरला असेल तर कळवावे.

अपराधी विहीण

१२ मे

विहीणबाईंना नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझं टाळकंच सरकलं. दोन दिवस पुस्तकांना खळ लावताना मनात तुम्हाला काय काय बोलले ते कागदावर नको. शेवटी न राहवून चिमीला फोन लावला आणि सांगून टाकलं की तो हात माझा नव्हता. वाटलं, पोरगी खट्टू होईल, तुमच्यावर चिडेल. कसलं काय! हसायलाच लागली. तिला ठाऊक होतं म्हणे. मी निघाल्यापासून ती एकेक तास मोजत होती, आणि त्या वेळी मला पोचायला अजून आठ तास होते. आई म्हणाली ती तुम्हालाच.

आता तुम्हीच सांगा, मी जळू नको तर काय करू?

लोभ असावा. लेकीचा थोडा माझ्यासाठीही ठेवावा.

आपली विहीण